तारणाचं कुत्रं

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि त्यालाही आता फार वर्षं झाली. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी ते मला कळत नाही. अक्षर तर असं की दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. हे कुणी वाचणार नाही, मी कुणाला दाखवणारही नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून लिहिते.

परवा आम्ही बीडकडं जाऊन आलो. तेव्हापासून मी घरात फिरते, भाकरी करते, पण डोकं जागेवर नाही. काल दूध तापत ठेवलं आणि समोर बसून ते उतू जाताना नुसतं बघत राहिले. नावं कुणाचीच लिहीत नाही, कुत्र्याचंसुद्धा नाही.

भवानीनगरपासून थोडं आत आमचं घर आहे. दोन खोल्या, वर पत्रा. मुलगी बारामतीला दिली, घरात आम्ही दोघंच. आमचे हे रोपवाटिकेच्या पिकअपवर ड्रायव्हर आहेत, उसाची रोपं गावोगाव पोचवतात. घरासमोर मोकळं रान आहे. तिथं दर हंगामाला ऊसतोडीची माणसं येऊन उसाच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, घालतात आणि पाणी आमच्या बोअरचं नेतात.

गेल्याच्या आदल्या हंगामात त्यांच्यात एक बाई होती, माझ्याच वयाची. मी जितकी गप्प तितकी ती बोलकी. हंडा भरून वाहायला लागला तरी तिचं बोलणं संपायचं नाही. मला मालकीणबाई म्हणायची. मी तिला दोन जुन्या साड्या दिल्या होत्या. त्या नेसून ती ऊस तोडायला जायची, ते बघून मला बरं वाटायचं. तिच्याबरोबर पिवळसर रंगाचं, एक कान पडलेलं कुत्रं होतं. सगळी उसाच्या फडात गेली की ते कोप्या राखायचं.

हंगाम संपता संपता तिची लेक बारामतीच्या दवाखान्यात बाळंतपणाला अडली. मुकादमाकडून त्यांनी हंगामाआधीच उचल घेतलेली, ती तोडीतून फेडायची होती, तो आणखी पैसे देईना. ती माझ्याकडं आली. बोकड विकलेले पाच हजार माझ्याजवळ होते, ते मी दिले. लेक सुखरूप सुटली. पण गावाकडं जायचा दिवस आला तरी तिच्या हातात पैसे आले नाहीत. ट्रॅक्टर भरून उभा होता आणि ती कुत्र्याच्या गळ्यात दोरी बांधून माझ्या दारात आली.

"मालकीणबाई, हे ठिवा."

"कशाला?"

"तुमच्या पैशाला तारण. पुढल्या साली कोणच्या कारखान्याला जाऊ ते आमालाच ठावं न्हाई. तुमी इस्वास कशावर ठिवायचा?"

"अहो नको. होतील तेव्हा द्या."

"सोनं असतं तर सोनं ठिवलं असतं. हे हाय, हे ठिवते. पैसे फेडले का घिऊन जाईन."

आमचे हे हसायला लागले. म्हणाले, "बँकेत सांगू नका, उद्या तितं कुत्र्यांची रांग लागंल." ती हसली नाही. दोरी माझ्या हातात दिली आणि मागं न बघता ट्रॉलीत चढली.

आठवडाभर ते कुत्रं कोप्या मोडल्या होत्या त्या जागेवर जाऊन बसायचं. भाकरी नेऊन ठेवली तर मुंग्या लागायच्या. मग एका दुपारी आपणहून येऊन माझ्या उंबऱ्याजवळ आडवं झालं. त्यानंतर ते माझं झालं. मी गवताला निघाले की पुढं, धुण्याला बसले की शेजारी. मुलीचं लग्न झाल्यापासून घरात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. कुत्र्याशी मात्र मी दिवसभर बोलायला लागले. हे म्हणायचे, "माझ्याशी एवढं बोलली असतीस तर मी घरातून बाहेर पडलोच नसतो."

तिनं एकदा ह्यांच्या फोनवर हजार पाठवले. काही महिन्यांनी दोन हजार. प्रत्येक वेळी हे म्हणायचे, "इमानदार बाई हाय," आणि मी उठून कुत्र्याला जवळ घ्यायचे. आपले पैसे परत येतात आणि आपल्याला वाईट वाटतं, असं कधी कुणाचं झालं असेल का? मी मनात म्हणायचे, घाई करू नको बाई. राहू दे की उरलेले.

गेल्या हंगामात ते कर्नाटकातल्या कारखान्याला गेले, इकडं आलेच नाहीत. ह्या हंगामातही तिकडंच. मला वाटलं, आता विसरली असेल. तेवढ्यात तिचा फोन आला. भरल्या ट्रॉलीवरून पडून पाय मोडला होता, म्हणून ती एकटीच गावी परत आली होती. उरलेले दोन हजार तयार होते. हे म्हणाले, फोनवर टाका. ती म्हणाली, "न्हाई, शेवटचे हातात देते आन हातानं कुत्रं घेते. मला येता येत न्हाई, तुमचं वाहन इकडं आलं का घिऊन या." रोपांचे ट्रे घेऊन ह्यांना तिकडं जायचंच होतं. मी म्हणाले, मीपण येते. हे माझ्या तोंडाकडं बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी पंढरपूरच्या पुढं गेलेली नाही.

पहाटे निघालो. कुत्र्याला मागं ट्रेच्या फटीत बांधलं तर त्यानं असा आकांत केला की गाडी थांबवून त्याला पुढं केबिनमध्ये घेतलं. ते माझ्या मांडीवर. एवढं मोठं कुत्रं, त्याचे पाय गिअरवर जायचे. हे ओरडायचे, "तिसरा गिअर त्यानंच टाकला बघ!" इंदापूर मागं गेल्यावर टोलनाक्यावरचा माणूस काचेतून वाकून म्हणाला, "काका, सीट किती?" हे म्हणाले, "अडीच." भीमेचा पूल आला तसं ते पाण्याकडं बघून भुंकलं. टेंभुर्णी सोडल्यावर माझ्या साडीवर ओकलं. मी पदरानं पुसत राहिले. राग आला नाही, उलट बरं वाटलं. आजारी कुत्रं कुणी देत नाही, परत घरी न्यावं लागेल, असं काहीतरी मनात आलं. स्वतःच्या मनात असं येतं हे बघून मीच दचकले.

बार्शीत चहाला थांबलो. मी कुत्र्याला बिस्किटं चारत होते. हॉटेलवाला म्हणाला, "मावशी, पावण्याला बशीत च्या देऊ का?" लोक हसले, मी मान खाली घातली. हे जवळ येऊन म्हणाले, "मघापासनं तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतीस?"

मग मी सांगितलं. मी वाक्य पाठ करत होते. पैसे राहू द्या, कुत्रं मला द्या. एवढंच वाक्य. भवानीनगरपासून बार्शीपर्यंत मी तेच म्हणत आले होते.

हे म्हणाले, "बोल मग तिला. मी न्हाय बोलणार. कुत्रं तुझं, भीड तुझी."

येरमाळा मागं पडला, डोंगर लागले. रान सगळं उघडं, आमच्याकडच्यासारखं हिरवं नाही. मोठा रस्ता सोडून आत वळलो आणि मांडीवर झोपलेलं कुत्रं ताडकन उठलं. जो कान चांगला होता तो उभा केला. काचेला नाक लावून बारीक आवाजात रडायला लागलं. असा आवाज त्यानं माझ्या दारात कधी काढला नव्हता. दोन वर्षांनीसुद्धा त्याला वळण कळलं होतं.

गावात शिरलो आणि मी बघतच राहिले. घराला कुलूप, शेजारच्या घराला कुलूप, पुढं गल्लीभर कुलपं. ओट्यांवर पालापाचोळा साठलेला. मध्येच एखादी म्हातारी. हे म्हणाले, "सगळी तोडीला गेल्यात." मला हे माहीत नव्हतं असं नाही. आमच्या रानात इतकी माणसं येतात म्हणजे कुठून तरी येतातच. पण ती आली की इकडं असं होतं, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मला वाटायचं त्यांचं घर म्हणजे ती कोपीच.

तिचं घर दिसलं तेव्हा मला वाटलं, पत्ता चुकला. स्लॅबचं घर, आत फरशी, खिडक्यांना पडदे. कपाटात काचेचे कप. आमच्या पत्र्याच्या दोन खोल्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. ती खुर्चीवर बसली होती, पाय प्लास्टरमध्ये, अंगावर चांगली इस्त्रीची साडी. मी दिलेल्या साड्या आठवून माझे कान गरम झाले.

"या ताई, या!" ती म्हणाली. इथं मी मालकीणबाई नव्हते. "अशा काय बघता? तोडीचंच घर हाय. धा वरसं तोडलं तवा स्लॅब पडला. आन वरसातनं सहा महिने कुलपात."

तेवढ्यात कुत्र्यानं माझ्या हातातली दोरी ओढून सोडवली. मला वाटलं तिच्याकडं जाईल. ते तिला हुंगून पुढं गेलं, सरळ आतल्या पडवीत. तिथं बाजेवर एक म्हातारे बाबा होते, तिचे सासरे. कुत्रं बाजेवर चढलं, त्यांच्या पोटावर. म्हाताऱ्या माणसाला ते लोळवेल म्हणून मी धावले. पण त्यांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं. तोंडानं नुसतं, "आला? आला? आला?"

मी त्याला हाक मारली, घरी मारते तशी. त्यानं माझ्याकडं बघून शेपटी हलवली. पण उठलं नाही.

"तात्यांचंच हाय ते," ती मागून, खुर्चीवरूनच म्हणाली. "शेळीच्या दुधावर वाढवलं. त्या साली कोप्यात चोऱ्या होत हुत्या, म्हणून मी मागून नेलं. तारण ठिवून आले तर म्हातारा दोन महिने माझ्यासंगं बोलला न्हाई. आमी सगळे जातो, हितं त्यांच्याजवळ तेवढंच असतं ना."

दोन वर्षं मी त्या कुत्र्याशी बोलत होते. त्याची कुणी वाट बघत असेल हे मला एकदाही सुचलं नव्हतं. आणि तरीसुद्धा, एवढं सगळं बघूनसुद्धा, ती पैसे काढायला लागली तेव्हा माझ्या तोंडून ते पाठ केलेलं वाक्य बाहेर पडलं.

"पैसे राहू द्या. कुत्रं मला द्या."

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. तिचा चेहरा असा झाला की मी तिच्या थोबाडीत मारली असती तरी तसा झाला नसता.

"म्हंजी मी बुडवले असंच की, ताई."

"तसं नाही हो..."

"तसंच. कामून आसं बोलता? आमच्या भावकीतल्या पोराची उचल फिटली न्हाई, तर मुकादमानं त्याला नेऊन ठिवला हुता. पैसे घिऊन गेलो तर म्हणतो, आता पैसे नकोत, माणूसच ऱ्हाऊ दे कामाला." मग हळू म्हणाली, "तुमी तसल्या न्हाई. मला ठावं हाय. तुमी त्याला चांगलं ठिवलं, अंगावर दिसतंय की. पण पैसे आणल्यावर तारण सोडायचं असतं."

मी आणि मुकादम. मी आयुष्यात कुणाचं काही दाबून ठेवलेलं नाही, आणि मला ते तोंडावर ऐकावं लागलं, तेसुद्धा इतक्या मऊ आवाजात. जास्त वाईट हे वाटलं की तिचं खरं होतं. मी हात पुढं केला.

तिनं नोटा माझ्या हातावर ठेवल्या. "मोजा."

"कशाला मोजायचं?"

"मोजा ताई. तात्यांच्या म्होरं मोजा."

मी मोजल्या. दोनदा चुकले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि नोटा दिसत नव्हत्या. तिसऱ्यांदा बरोबर आल्या. बाजेवरून म्हातारे बाबा माझ्याकडं बघत होते, कुत्र्याच्या पाठीवर हात तसाच.

"फिटले का?" त्यांनी विचारलं.

"फिटले, तात्या," ती म्हणाली.

"तू नगं सांगू. त्या बाईला सांगू दे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कुत्रंसुद्धा. मी नोटा पदराच्या टोकात बांधल्या आणि म्हणाले, "फिटले, तात्या. पैन् पै फिटली."