रुमालाखालचा सौदा

कुणीही बोलायला लागलं की कानडेबाई आधी त्याचं मनगट धरत. पोस्टमन असो, की भांडायला आलेला नातेवाईक. "तुम्ही बोला, मी ऐकतेय," म्हणत आणि घड्याळ बघत नाडी मोजत. धार जिल्ह्यातल्या मनावर गावच्या सरकारी दवाखान्यात त्या कंत्राटावर डॉक्टर होत्या. शेजारच्या खोलीतल्या कायम डॉक्टरांइतकंच काम, पगार निम्म्याच्या आसपास.

मी म्हशींचा व्यापारी. एका म्हशीवर धंदा सुरू केला आणि पुढे दोन मजली नर्सिंग होम बांधलं. इमारत झाली, डॉक्टर मिळेना. बाईंना तिप्पट पगार देऊ केला. तीनदा नाही म्हणाल्या. भाव न करता नाही म्हणणं आमच्यात अपमान समजतात. मी चारचौघांत बोलू लागलो, "सरकारी डॉक्टरांना आहे तोच पगार जास्त आहे."

ते त्यांच्या कानावर गेलं. "जास्त नाही, कमी आहे, भिया," त्या शांतपणे म्हणाल्या; इकडे भाऊला भिया म्हणतात. "दर वर्षी धारच्या ऑफिसात अर्ज करते." कुणी देवी म्हटलं की मात्र चिडत. "देवी म्हणू नका. देवीला पगार नसतो."

"मग माझ्याकडे या की."

"आणि इथल्या बायका? तुमची फी भरतील?"

मी आवाज चढवला.

चौथ्यांदा गेलो ते ठरवूनच. गुरांच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सांगतात. मी त्यांच्या टेबलावर हात ठेवला, वर गमछा टाकला. "धरा बोटं, सांगा भाव. आज घेतल्याशिवाय उठत नाही."

त्यांनी गमछ्याखाली हात घातला आणि मनगट धरलं.

"सकाळपासून घाम येतोय?"

"उन्हाचा."

"जानेवारीत? डावा हात दुखतोय?"

"बाई, विषय बदलू नका."

"सौदा नंतर. आधी आडवे व्हा."

हृदयविकाराचा झटका होता. इंजेक्शन देऊन त्या स्वतः माझ्याबरोबर ॲम्ब्युलन्समधून धारला आल्या. रस्ताभर मनगट सोडलं नाही. मी दोनदा भाव विचारला म्हणे.

बरा झाल्यावर त्यांचा अर्ज घेऊन मी धारचं ऑफिस गाठलं. साहेब म्हणाले, "डॉक्टरी म्हणजे सेवाभाव."

"साहेब, सेवाभावाने म्हैससुद्धा दूध देत नाही. पेंड घालावी लागते." पुढचं लिहिण्यासारखं नाही. शिपायाने बाहेर काढलं.

पुढच्या वर्षी बाई कायम झाल्या. माझ्या ओरडण्याने, असं मी सांगतो. त्या म्हणतात, परीक्षा देऊन. नेमणूक देवास जिल्ह्यात, पीपलरावां नावाच्या गावी. माझ्या इमारतीत आता सोयाबीनची पोती आहेत.

बसस्टँडवर पोचवायला गेलो. "माझा सौदा राहिलाच, बाई," म्हणत गमछा टाकून हात पुढे केला. त्यांनी मनगट धरलं. ड्रायव्हरने हॉर्न दिला, तरी पूर्ण मिनिट मोजलं.

"छान चाललीये," त्या म्हणाल्या आणि गमछ्याची घडी करून माझ्या खांद्यावर ठेवली.