चोरीला गेलेले धवळे

ती तक्रार मी अजून विसरलेलो नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या पोलीस ठाण्यात ती कुणाला घ्यायचीच नव्हती.

निवृत्ती जवळ आली होती. हरवलेले मोबाईल, पार्किंगवरून मारामाऱ्या, यातच जीव शिणून जायचा. अशात अंबरनाथ पूर्वेच्या जुन्या आगरी घरातली एक सून नवऱ्याला घेऊन आली. "साहेब, माझं पुस्तक चोरलंय."

"कुठून? पिशवीतून?" ड्युटी अंमलदाराने विचारलं.

तिची सासू धवळारीण, म्हणजे लग्नविधीची पारंपरिक गाणी, धवळे, गाणारी. आता अंथरुणाला खिळलेली. सुनेने तिची गाणी मोबाईलवर टाईप केली. प्रकाशकांचे उंबरठे झिजवण्यापेक्षा स्वतःच पुस्तक काढायचं ठरवलं. नेटवर शोधून सगळं शिकली: फाँट कुठे फुकट मिळतो, आयएसबीएन क्रमांकासाठी सरकारी साइटवर अर्ज कसा करायचा, ई-पुस्तक विक्रीच्या साइटवर कसं चढवायचं. स्वतः पुस्तकं काढणाऱ्यांच्या एका ग्रुपवर फुकट मुद्रितशोधन करणारा भेटला, त्याला अख्खी फाइल पाठवली. त्याचा नंबर बंद झाला. पुस्तक चढवायला गेली तर साइट म्हणते, हे आधीच विक्रीला आहे. लेखक भलताच. कितीही मेल करा, उत्तर एकच, साच्यातलं.

"सासू हाय तोवर तिच्या हातात पुस्तक द्यायचंय, साहेब. बाकी कायपण नको."

मी स्टेशन डायरीत नोंद करायला लावली. सहकारी हसले. मलाही फारशी आशा नव्हती.

धागा दिला तो त्याच ग्रुपवरच्या बदलापूरच्या एका गृहस्थांनी. सुनेची हकीकत ग्रुपवर वाचून त्यांनी मला फोन केला, "त्या चोरलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ बघितलंत का? माझ्या कादंबरीलाही एकाने अगदी तसंच करून दिलंय. त्या माणसाचं शेजारच्या शहरात, कॅम्प दोन भागात टायपिंगचं दुकान आहे."

नोटीस दिली, तो आला. गोड बोलणारा, पस्तिशीचा.

"सर, मैं तो फ्री में हेल्प करतो सगळ्यांना. ही गाणी मी स्वतः गावागावात फिरून जमवलीत."

मी चहा मागवला आणि त्याला बोलू दिलं. खोटं बोलणारा माणूस गावांची नावं धडाधड सांगतो; माणसांबद्दल विचारलं की अडखळतो. पुस्तक उघडून मी विचारलं, "या गाण्यात चार नावं आहेत. कोण हे?"

"ग्रामदैवतं, सर. गाव के देवता."

त्यातलं एक दैवत बाहेर बाकावर बसलं होतं. धवळारीण ज्या घरी गाते त्या घरच्या माणसांची नावं गाण्यात गुंफते. सासूने मुलाच्या लग्नात जसं गायलं तसंच सांगितलं होतं, आणि सुनेनेही नावं तशीच ठेवली होती. मी नवऱ्याला आत बोलावून आधार कार्ड टेबलावर ठेवायला सांगितलं. गोड बोलणं तिथेच आटलं. लॅपटॉपचा पंचनामा झाला, त्यात तिची फाइल जशीच्या तशी होती. आमचं पत्र गेल्यावर साइटने त्याचं पुस्तक काढून टाकलं आणि तिचं चढलं.

या प्रकरणाने मला शिकवलं ते लिहिणाऱ्यांना सांगतो. फुकटच्या सोयी वाईट नसतात, जरूर वापरा. पण फाइल आधी स्वतःलाच मेल करून ठेवा, कॉपीराइटचा अर्ज करा, आणि अनोळखी माणसाला दोन पानांच्या वर देऊ नका. एवढं केलं तर आमच्या दारात यावं लागत नाही.

छापील प्रत आली तेव्हा सूनबाईंनी मला घरी बोलावलं. म्हातारीने पुस्तक पोटावर धरलं होतं. मी तिला सगळी हकीकत सांगितली.

"त्याला गानी पाठ झाली का?" तिने विचारलं.

"नाही, आजी."

"मंग त्यानी काय चोरला?"

मी सुनेकडे पाहिलं, ती खाली बघत होती. गाणी टाईप तिनेच केली होती, पण गाता तिलाही एकही येत नव्हतं.