डाग समजून पुसलेलं स्टेशन

ये गं, अशी जवळ ये. कागदावरच येणार तू, ठाऊक आहे मला, तरी ये. एकाच शहरात राहतेस, एमआरटीच्या गाडीने पाऊण तासाचं अंतर, आणि दसऱ्याला सख्ख्या मावशीला काय पाठवलंस, तर आपट्याच्या पानाचं चित्र. लाज नाही वाटत? वर विचारतेस, मावशी, तिकडे नवीन काय. नवीन हे, की तुझ्या मावशीने आयर्लंडमधलं एक रेल्वे स्टेशन नेलपॉलिश रिमूव्हरने पुसून टाकलं. आता नीट बसून ऐक.

आमच्या सेम्बावांगच्या ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर एक आयरिश गृहस्थ राहतात. ऐंशीला टेकलेले. तरुणपणी इथल्या शिपयार्डात इंजिनियर म्हणून आले, इथल्याच चिनी मुलीशी लग्न केलं, ती गेली तरी इथेच राहिले. सगळा ब्लॉक त्यांना अंकल म्हणतो म्हणून मीही म्हणते, आणि ते मला आंटी. माझं इंग्रजी भाजी घेण्यापुरतं, त्यांचं इंग्रजी तोंडातल्या तोंडात. पण सकाळी खाली बाकावर चहाचा थर्मास उघडला की आमचं झकास जमतं. अडलं तर माझी नात आहे.

त्यांचा विषय एकच, त्यांच्या गावची रेल्वे. अरुंद रुळांची, तीन फुटांची. दलदलीतून निघायची आणि समुद्राच्या कडेकडेने मासळीच्या धक्क्यापर्यंत जायची. मासे न्यायची, गुरं न्यायची, जत्रेची माणसं न्यायची, आणि चुलीत जाळायला दलदलीतून कापून वाळवलेली मातीसुद्धा. माती जाळतात हे मला पटेचना. मग त्यांनी फोटो दाखवला. अमेरिकेला निघालेली पोरंही ह्याच गाडीने बंदराला जायची, तेव्हा प्लॅटफॉर्मवर निम्मं गाव रडत उभं असायचं. अंकलचे वडील त्या गावचे स्टेशन मास्तर. तिकीट त्यांनीच फाडायचं, सामान त्यांनीच चढवायचं, आणि गाडी सुटताना हातातली पितळी घंटाही त्यांनीच वाजवायची. अंडी विकायला जाणारी एक बाई रोज उशिरा यायची, तिच्यासाठी ते घंटा वाजवायचेच नाहीत. इंजिन फुसफुसत उभं, ड्रायव्हर शिव्या देतोय, आणि मास्तर आपले रस्त्याकडे बघतायत.

पुढे ट्रक आले, बसगाड्या आल्या, आणि रेल्वे बंद पडली. रूळ उखडून भंगारात गेले. शेवटच्या दिवशी ज्याला जे उचलता आलं ते त्याने घरी नेलं. अंकलकडे बिस्किटांच्या डब्यात पुठ्ठ्याची तिकिटं आहेत, लाल काचेचा कंदील आहे, वडिलांच्या कोटाची बटणं आहेत. दाराला अडसर म्हणून रुळाचा एक तुकडा आहे, त्यावर माझा अंगठा दोनदा ठेचलाय. आणि ती घंटा.

आता त्या गावच्या लोकांनी स्टेशनाच्या पडक्या इमारतीची स्वतः डागडुजी करून तिथे लहानसं संग्रहालय मांडलंय. घंटा आमच्याकडे द्या, होती त्याच खुंटीला टांगू, असं पत्र आलं. अंकलनी ते पत्र मला तीन सकाळी वाचून दाखवलं. मला त्यातलं 'बेल' आणि 'वेलकम' एवढंच कळलं, पण त्यांचा चेहरा बघून बाकीचं कळलं. वडिलांची घंटा घरी जाणार होती. ह्या वयात ह्याहून दुसरं काही त्यांना नको होतं.

मग त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. दोन आठवडे मुलीकडे राहायचं होतं, घरात रंगारी येणार होते, म्हणून जाताना बिस्किटांचा डबा आणि घंटा माझ्याकडे ठेवून गेले.

त्यातच खंडेनवमी आली. आपल्याकडे अवजारं पुजतात. मुलाची तुआसच्या कारखान्यातली पान्यांची पेटी मांडली, नातीचा लॅपटॉप मांडला, माझी शिवणाची कात्री मांडली. मनात आलं, घंटा तरी काय आहे? एका माणसाने तिच्यावर घर चालवलं. तीही मांडू. पण पूजेतली वस्तू इतकी मळकी कशी ठेवायची? काळीठिक्कर पडलेली, वर पांढऱ्या रंगाचे ओघळल्यासारखे डाग. मी म्हटलं, मागे कधीतरी मेल्या रंगाऱ्यांनी उडवलेले दिसतात. नातीचं नेलपॉलिश रिमूव्हर घेतलं, डाग काढले, मग चिंच आणि मीठ लावून अशी घासली की तोंड दिसावं. हळदकुंकू वाहिलं, लिटिल इंडियातून आणलेला झेंडू वाहिला, वाजवून आरतीही केली. छान खणखणीत वाजते हं.

अंकल काठी टेकत आले तेव्हा मी घंटा ताटात ठेवून, वर रुमाल घालून मोठ्या मिरवणुकीने बाहेर आणली. त्यांनी उचलली. एका बाजूने पाहिली, फिरवून दुसऱ्या बाजूने पाहिली. मग नातीला हळूच काहीतरी विचारलं.

नात म्हणाली, इथल्या पोरांसारखं वाक्याला 'लाह' जोडून, "आजी, ते डाग नव्हते लाह. लेटर्स होती."

त्या मार्गावरच्या सगळ्या घंटा एकसारख्याच ओतलेल्या. कुठली कुठल्या स्टेशनाची, हे फक्त वर रंगवलेल्या तीन अक्षरांवरून कळायचं. अक्षरं असतील तरच घंटा घेऊ, असं त्या पत्रातच होतं, आणि मी तीन वेळा मान डोलावली होती.

"माझ्या बाबांनी ती स्वतःच्या हाताने काढली होती," अंकल म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. आतला लोलक बोटांनी धरून, वाजू न देता, ते घंटा घेऊन गेले.

चार दिवस बाकावर मी एकटी. शिरा करून पाठवला, तर डबा धुऊन परत आला, पण रिकामा. माझा डबा रिकामा पाठवायचा नाही ही सवय मीच त्यांना लावली होती, एरवी निदान एखादं संत्रं तरी असायचं. मुलगा म्हणाला, जाऊ दे आई, मुद्दाम थोडंच केलंस. मुद्दाम नाही केलं म्हणून अक्षरं परत येतात होय?

पाचव्या दिवशी आपल्या बायकांच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचा फोन आला. खवचट आहे ती, तुला माहितीये. म्हणाली, "काय गं, गेला का तुझा डाग, की अजून घासतेच आहेस?"

"कुठला डाग?"

"अगं, फोटो नव्हता का टाकलास? भोवती लाल गोल काढून. रिमूव्हर मीच सांगितलं की तुला."

टाकला होता की, पूजेच्या गडबडीत मी साफ विसरलेच होते. नातीने ग्रुप वर वर सरकवत नेला. लाडवाची रेसिपी, कुणाच्या नातवाचा वाढदिवस, आणि त्याच्याखाली घंटा. पितळेवरचा डाग कसा काढावा, असा माझा प्रश्न, त्याखाली अकरा उपाय. नातीने चित्र मोठं केलं. लाल गोलाच्या बरोबर मध्ये तीन पांढरी अक्षरं, वाकडीतिकडी, शेवटच्याला छोटी शेपटी.

लिफ्टची वाट न बघता दोन जिने चढले मी. अंकलनी चष्मा लावला आणि फोटोतल्या एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण हसत होते, अगदी गुडघा धरून.

"बाबांच्या स्टेशनाला लोक पुष्कळ काही म्हणाले," ते म्हणाले, "पण डाग कुणी म्हटलं नव्हतं, आंटी."

त्याच दिवशी मी मजकूर सांगितला आणि नातीने तो संग्रहालयाला लिहिला. मी पुसलं, ह्यांचा काही दोष नाही, सोबत पुरावा. आठ दिवसांनी उत्तर आलं. घंटा घेतायत. आणि फोटोही हवाय, लाल गोलासकट, घंटेखाली लावायला. त्यावरून अक्षरं पुन्हा रंगवून देऊ, असंही म्हणाले होते. अंकल नको म्हणाले. बाबांच्या हातची गेली, आता दुसऱ्या कुणाच्या हातची नकोत. ते ऐकून मला परत मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांनीच माझ्या कपात चहा ओतला, आणि दुपारी डबा आला त्यात दोन संत्री होती.

नाताळात त्यांची मुलगी घंटा विमानाने घेऊन जाणार आहे. अंकलनी सध्या ती माझ्याकडेच ठेवलीय, शोकेसवर. येणाऱ्याजाणाऱ्याने वाजवावी असं त्यांचं म्हणणं आहे, गप्प पडून राहण्यापेक्षा. तेव्हा तू ये, लेकीलाही आण, तिलाही वाजवू दे. अंकलना रेल्वेबद्दल काही विचारशील तर दोन तास मोकळे ठेवून ये. जेवून मात्र येऊ नकोस. येत्या रविवारीच जमव, वाट बघते.