मावशी मागं फिरली होती

सिनेमावाल्यांनी गंगूमावशीला फसवलं. मी साक्षीदार आहे, कारण त्यात रडणारं पोर मीच होते.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. शिरगावच्या पलीकडच्या दगडखाणीत लढाईच्या सिनेमाचं शूटिंग आलं. मी सहा वर्षांची. आई गेलेली, बापाचा पत्ता नाही. खाणीवरच्या बाया मला आळीपाळीने जेवू घालायच्या. झोपायची मी मावशीच्या कुशीत.

सीन असा: बाँब पडतो, गाव पळतं, एक पोर मागे राहतं, जवान त्याला उचलतो. पोर मी. पळणारं गाव म्हणजे या बाया.

धूर सोडला. धमाका झाला. मी खरंच घाबरले. मावशी दहा पावलं पळाली, वळली, आणि येऊन मला कडेवर घेतलं.

सीन पुन्हा घेतला. पुन्हा वळली. तिसऱ्यांदाही. बाया हसायला लागल्या.

"अगं गंगे, खोटं खोटं पळायचंय."

"पोर खरं रडतंय ना पण."

डायरेक्टर खुर्चीतून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "इन लोगों के दस-दस होते हैं. एक छूटा तो क्या."

त्याच्या माणसाने मावशीला दंडाला धरून बाहेर काढलं. मला म्हणाले, असंच रडत राहा. मग जवानाने मला उचललं. त्याच्या फाटक्या वर्दीला अत्तराचा वास येत होता.

उल्हासनगरच्या टॉकीजमध्ये आम्ही सगळ्या तो सिनेमा बघायला गेलो. पडद्यावर मावशी पळाली. ती वळायच्या आत सीन कापला होता. जवानाने मला उचललं आणि टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतली बाई डोळे पुसत म्हणाली, "कसली बाई. पोर टाकून पळाली."

मावशीने माझा हात धरला. "मी मागं आलते ना गं?"

त्यानंतर ती टॉकीजची पायरी चढली नाही.

आज शूटिंगला गर्दी पुरवायचा धंदा माझा आहे. अंबरनाथ ते बदलापूर, माणसं लागली की माझ्याच दारात येतात. भाव मी ठरवते. मला कोणी गुंडाळत नाही. परवा पुन्हा लढाईचा सिनेमा आला. बाया घेऊन सेटवर गेले, तर पुन्हा तोच सीन. मी सांगितलं, बाया पळतील, पण पोर टाकून पळणार नाहीत. मॅनेजर हसला, "इमोशन चाहिए, बाई." मग रेट वाढवला. मी सगळ्यांना टेम्पोत बसवलं आणि परत आणलं.

तो जुना डायरेक्टर अजून हयात आहे. मावशीही आहे. त्याने खाणीवर यावं, तिच्यासमोर जमिनीवर बसावं आणि सांगावं: तीनदा मागे फिरलेली बाई त्याने कुठे टाकून दिली?