साहेबांच्या पाठीवरचा मजकूर

खडूमावशींचं खरं नाव गल्लीत कुणाच्या लक्षात नव्हतं. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि शिवणाचा खडू त्यांच्या बोटांना, कोपरांना, कधी नाकाच्या शेंड्यालाही लागलेला असे. कापडावर नुसत्या रेघा मारून त्यांचं भागत नसे. गिऱ्हाइकाबद्दलचं मतही त्या तिथेच लिहून ठेवत. ‘डावा खांदा उतरता.’ ‘श्वास रोखून माप दिलंय, विश्वास ठेवू नये.’ शिवून झालं की कापड झटकायचं. बोलणं संपलं.

त्या खडूच्या धुळीने सून मात्र शिंकून शिंकून बेजार व्हायची. शेवटी तिने एक पेन आणून दिला.

“आई, यानं खुणा करा. इस्त्री फिरवली की शाई गायब.”

मावशींनी चिंधीवर रेघ मारली, इस्त्री फिरवली, रेघ गेली. परत मारली, परत गेली. त्या दुपारी दुसरं काही कामच झालं नाही.

मग शीतगृहाचे साहेब फिकट राखाडी कोट शिवून घ्यायला आले. मावशींनी पाठीच्या कापडावर ऐसपैस लिहिलं, ‘पोट फार. विचारलं तर थोडं सांगायचं. ताठ उभे राहतात ते फक्त आरशासमोर.’ शिवून झाल्यावर इस्त्री फिरली, पाठ कोरी झाली, साहेब खुशीत कोट घालून गेले.

आठवडाही झाला नसेल, साहेब दारात.

“मावशी, माझ्या पाठीवर तुम्ही काय लिहिलंय?”

मावशींनी त्यांना वळवून पाहिलं. “काहीच तर नाही.”

“इथे नाही दिसायचं. मासे गोठवायच्या खोलीत पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. मी पुढे, मंडळी मागे. एकेक जण खोकायला लागला. मला वाटलं, थंडी बाधली. शेवटी एका बाईंनी सगळं वाचून दाखवलं.”

“कडक थंडीत शाई परत येते वाटतं,” सून पुटपुटली आणि आत पसार झाली.

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “चुकलं साहेब. पाठ नवी घालून देते.”

“ती द्याच. पण मी खरंच ताठ उभा राहत नाही?”

“नाही.”

“घरी बायकोही हेच म्हणते,” म्हणत साहेब स्टुलावर टेकले.

मावशींनी नवं कापड अंथरलं, खडू उचलून पुन्हा ‘पोट फार’ लिहिलं. साहेब वाकून वाचू लागले.

“‘फार’ कशाला? ‘भरदार’ लिहा.”

“भरदार छातीला म्हणतात.”

“मग ‘जरा पुढे’.”

“जरा?”

बराच वेळ घासाघीस चालली. सुनेने चहा आणून ठेवला, तो निवून गेला. अखेर मावशींनी ‘पोट आहे’ एवढंच लिहिलं. त्यावर दोघांचं एकमत झालं आणि कात्री चालू लागली.