कालवा बघणाऱ्यांचा शब्द

बारामतीच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. वापरातून गेलेले जुने इंग्रजी शब्द हुडकायचा मला नाद आहे. त्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही. पण एखादा शब्द सापडला की तो दिवसभर जिभेवर घोळतो, आणि रविवारी वडगाव निंबाळकरला माहेरी गेले की मी तो आबांना सांगते. आबा म्हणजे माझे वडील. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण शब्दाची चव त्यांना बरोबर कळते. ‘ओव्हरमॉरो’ म्हणजे येणारा परवा, हे ऐकून ते म्हणाले होते, “चांगला नीट शब्द हाय की. मग टाकून कशापायी दिला त्यांनी?”

ऊस आणि गाई दादाच्या हवाली केल्यापासून आबांना एक सवय लागली होती. कालव्याला पाणी सुटलं की संध्याकाळचा चहा घेऊन ते पुलावर जायचे आणि कठड्याला टेकून वाहतं पाणी बघत उभे राहायचे. बाकी काही नाही. आईला ते खपत नसे.

“जन्मभर पाणी धरलं, आन् आता बगायला जात्यात,” ती म्हणायची. एकदा मात्र ती बोलून गेली, “बाया इचारत्यात मला, आबांचं डोकं बरं हाय ना म्हणून.”

ते आबांना लागलं. पुलावर जाणं त्यांनी बंद केलं. मी गेले तेव्हा कालवा भरून चालला होता आणि आबा ओट्यावर वाचून झालेला पेपर पुन्हा वाचत बसले होते. मला ते बघवेना.

त्याच आठवड्यात मला तो शब्द भेटला. वाचता वाचता मी एकटीच हसले आणि रविवारची वाट न बघता कॉलेज सुटल्यावर तशीच एसटीत बसले.

“आबा, तुमच्यासाठी इंग्रजीत शब्द आहे. गाँगूझलर.”

“काय बया?”

“गाँगूझलर. कालव्याच्या काठावर उभं राहून नुसतं पाणी आणि होड्या बघत बसणारा माणूस. तिकडच्या होडीवाल्यांनी पाडलेला शब्द आहे.”

आबांनी पेपराची घडी केली. “म्हंजी माज्यासारकी मानसं तितं बी हायत?”

“खास नाव पाडावं लागलं, इतकी.”

ते उठले, खुंटीवरची टोपी घातली, गोठ्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, “मी जाऊन येतो गं,” आणि पुलाकडे चालू लागले. आई शेणाच्या हातानं बाहेर आली. “काय सांगितलंस त्यास्नी?” मी सांगितलं, तर तिनं कपाळावर हात मारून घेतला, शेणासकट.

पुढच्या रविवारी बघते तर पुलावर चौघे-पाचजण. शब्दाचा तोवर ‘गंगाजळ्या’ झाला होता. “या गंगाजळे!” म्हणून एकमेकांना हाका चालल्या होत्या. त्यात आबांचे जुने मित्र होते, सगळे त्यांना तात्या म्हणतात. ऊसदरापासून गुडघेदुखीपर्यंत तात्यांना सगळ्यातलं सगळं कळतं. ते म्हणाले, “पोरी, आमाला बी एक दे की. जरा भारी बग.”

मी दिला. “अल्ट्राक्रेपिडेरियन.”

तात्या खूश झाले. तीनदा म्हणून घेतला. मग म्हणाले, “अर्थ काय?”

“आपल्याला ज्यातलं कळत नाही, त्यातही मत देणारा.”

आबांना इतकं हसू आलं की त्यांनी कठडा धरला. तात्या म्हणाले, “ह्यो शब्द एकट्याला कसा द्यायचा? समद्या गावाला पुरंल!”

घरी येऊन हे सांगताना मला हसू आवरेना. आई वैरणीपाशी उभी राहून ऐकत होती. अचानक म्हणाली, “आन् मला? दिसभर राबनाऱ्या बाईला हाय का एकादा?”

मी आठवू लागले. कामाचं नुसतं सोंग करणाऱ्याला शब्द आहे. दुसऱ्याच्या ताटाकडे आशेनं टक लावून बघणाऱ्याला आहे. दिवसभर राबणाऱ्या बाईला मात्र काही केल्या आठवेना.

“नाही गं सापडत.”

“न्हाय?” आईनं हातातली पेंढी खाली टाकली. “समदे शब्द रिकाम्यांनाच व्हय! मग आमी बी येतो तितंच.”

वहिनीला धारांचं सांगून, पदर झटकून ती निघाली, मागोमाग मीही. जन्मभर तो पूल तिनं डोक्यावर भारा घेऊनच ओलांडला होता. आज मोकळ्या हातांनी ती आबांशेजारी उभी राहिली. तात्यांनी सरकून जागा दिली. आबा तर असे गडबडले, जणू पाहुणे आलेत.

“काय बगायचं हितं?” आईनं विचारलं.

“बगायचं असं काय न्हाय,” आबा म्हणाले. “त्यो नारळ येतोय बग. त्याच्यामागं उसाचं वाढं. पुलाखालून आदी कोन भाईर पडतंय, सांग.”

आई कठड्यावर वाकली. “वाढं.”

“नारळ,” आबा म्हणाले.

दोघंही वळून रस्त्याच्या पलीकडच्या कठड्याकडे लगबगीनं गेले, लहान पोरांसारखे. मावळतीच्या उन्हात पाणी तांबूस झालं होतं. आधी वाढं, उसाच्या शेंड्याची ती हिरवी पात, बाहेर आलं. आई टाळी वाजवून इतकं मोकळं हसली की रस्त्यानं चाललेला ट्रॅक्टरवाला वळून बघायला लागला.

“पानी कदी बंद व्हनार हाय?” तिनं विचारलं.

“हाय आजून आठवडाभर.”

“मग उद्या धारा लौकर उरकते,” आई म्हणाली, आणि पुढं काय वाहत येतंय ते बघायला पुन्हा पहिल्या कठड्याकडे गेली.