पेन्सिलीच्या चिठ्ठ्या

आमच्या आत्याला संग्रहालयात सगळे 'माशीबाई' म्हणायचे. तिला त्याचा राग यायचा नाही, मला यायचा. ती तिथे लागली झाडूवाली म्हणून. मागच्या इमारतीत किड्यांचा विभाग सांभाळणारे एक म्हातारे शास्त्रज्ञ होते. फरशी पुसता पुसता मेलेली माशी उचलून खिडकीपाशी निरखत बसलेली ही बाई त्यांनी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी तिला मायक्रोस्कोपपुढे बसवलं. पुढे ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणीच आलं नाही, म्हणून काम आत्याच करत राहिली. हुद्दा आणि पगार मात्र झाडूचाच.

इमारतीमागच्या झुडपांत तंबूसारखी एक जाळी लावलेली होती. उडत आलेले किडे तिच्या वरच्या टोकाशी चढतात आणि तिथे बांधलेल्या स्पिरिटच्या बाटलीत पडतात. दर गुरुवारी भरलेली बाटली काढायची, नवी बांधायची. एकोणीस वर्षांत एक गुरुवार चुकला नाही. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ती आधी जाळीकडे गेली आणि मग हॉलवर आली, त्यावरून माझ्या आईने तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं.

प्रत्येक बाटलीत एक चिठ्ठी असायची. तारीख, जागा, ऊन होतं की ढग. बाटलीच्या आतच, म्हणजे हरवायला नको. आणि पेन्सिलीनेच, कारण स्पिरिटमध्ये शाई विरघळते, पेन्सिल टिकते. हे तिने मला मी सात वर्षांची असताना सांगितलं होतं आणि मला तेव्हाच कळलं होतं. मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या माणसांना ते कळू नये, याला काय म्हणायचं?

"यातल्या निम्म्यांना अजून नावंच नाहीत गं," ती म्हणायची. "कुणी वळून बघितलंच नाही त्यांच्याकडे."

त्यातलीच एक तिला वेगळी वाटली. गांधीलमाशीच्या कुळातली, पण तांदळाच्या कणीहूनही बारीक, पिवळ्या पायांची. आत्याने तीन बाटल्या दूरच्या एका विद्यापीठातल्या तज्ज्ञ बाईंकडे धाडल्या. पार्सलच्या कागदावर सही अर्थातच साहेबांची, म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुखांची. झाडूवालीच्या सहीने पार्सल हलत नाही. चार महिन्यांनी उत्तर आलं. ही माशी आजवर कुठेच नोंदलेली नाही, उरलेल्या सगळ्या बाटल्या पाठवा, वर्षावर्षाची मोजल्याशिवाय ती वाढतेय की संपत चाललीय ते समजणार नाही. आत्याने ते पत्र मला फोनवर तीनदा वाचून दाखवलं. एवढी खूश ती मला कधीच वाटली नव्हती.

नेमकं त्याच महिन्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं. पंधरा दिवस रजा. ते दोन गुरुवार जाळीची बाटली मी बदलली.

तेवढ्यात साहेबांच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. परक्या विद्यापीठात आपल्या बाटल्या जाणार आणि आत झाडूवालीच्या वाकड्यातिकड्या अक्षरातल्या चिठ्ठ्या? शोभतं का? त्यांनी दोन कारकून कामाला लावले. चिमट्याने एकूण एक चिठ्ठी बाहेर काढली, मजकूर कॉम्प्युटरवर घेतला, संग्रहालयाच्या शिक्क्यासह सुबक छापून परत आत सोडला. जुन्या चिठ्ठ्या कचऱ्यात. शिवाय तारखेच्या क्रमाने लावलेल्या बाटल्या उंचीप्रमाणे मांडल्या, कारण त्या कपाटासमोर उभं राहून साहेबांना फोटो काढून घ्यायचा होता.

आत्या काळा चष्मा लावून कामावर गेली, त्या दिवशी तिला सोडायला मी सोबत होते. तिने पहिली बाटली उचलून उजेडात धरली. चिठ्ठी कोरी, आणि स्पिरिट धुणं धुतलेल्या पाण्यासारखं करडं. दुसरी तशीच. दहावी तशीच. शेवटी ती कपाटाला टेकून खाली फरशीवरच बसली.

साहेब हसत हसत आले. "अहो माशीबाई, एवढं काय झालं? किडे सगळे आहेत ना आत? एकही हरवलेला नाही. आणि तारखांची यादी आहे कॉम्प्युटरवर."

"कोणती तारीख कोणत्या बाटलीची साहेब?" आत्याने विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उद्या एखाद्या दवाखान्यातल्या सगळ्या पेशंटांची नावं पुसली आणि म्हटलं, माणसं तर आहेत ना, तर चालेल?"

"तुम्ही कोण?"

"त्यांची भाची."

"मग बाहेर थांबा," ते म्हणाले. मी तिथून हलले नाही, पण त्याने काहीच सुधारणार नव्हतं.

बाटल्या तशाच पाठवल्या. तज्ज्ञ बाईंनी कळवलं की तारखेवाचून या मोजण्यात अर्थ नाही. पहिल्या तीन बाटल्यांतल्या चिठ्ठ्या मात्र पेन्सिलीच्या होत्या, तेवढ्यावर नव्या माशीची रीतसर नोंद झाली. तिला नाव दिलं नमुने पाठवणाऱ्याचं. कागदावर सही ज्याची, त्याचं! मी आत्याला म्हटलं, बाईंना लिही, खरं काय ते सांग. ती म्हणाली, "नाव कुणाचंही असू दे. तिला काय फरक पडतो?" मला पडत होता. अजूनही पडतो.

साहेबांचा सत्कार झाला. आत्याला खुर्च्या मांडायला सांगितलं होतं. तिने मांडल्या आणि शेवटच्या रांगेत माझ्याशेजारी येऊन बसली. भाषण छान झालं, जैवविविधता वगैरे. मग एका शाळेच्या बाईंनी उठून साधा प्रश्न विचारला. "ही माशी आता किती उरली आहे? वाढतेय की कमी होतेय?"

साहेबांनी घसा खाकरला, कागद चाळले आणि मग मागे आमच्या रांगेकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना वळल्या. आत्या उठली.

"एकोणीस वर्षं मी तेच लिहून ठेवत होते," ती म्हणाली. "ते साहेबांनी पुसलं. आता ते कुणालाच सांगता येणार नाही."